कॅसेटच्या एका बाजूत मावणारे रॉक अल्बम : तुमचे कोणते, आणि सध्या काय ऐकताय?

ब-बाजू (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

१९९१ साली, मी दहावीत असताना, दादाने मला एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणून दिली. अ बाजूला पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', ब बाजूला लेड झेपेलिनचा चौथा अल्बम. त्याच्या एका मित्राचे काका बोटीवर होते, त्यांच्याकडच्या एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, उतरवलेली. दोन्ही अल्बम त्रेचाळीस मिनिटांच्या आसपासचे आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीसची, त्यामुळे एकही गाणं तुटलं नव्हतं. एलपीच्या एका बाजूत बावीसेक मिनिटांपेक्षा जास्त भरायला गेलं की खाचा दाटतात आणि आवाज दबतो, म्हणून त्या काळचे बहुतेक अल्बम एवढेच असायचे, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, दादाने मोजूनमापून निवडलेत.

गेली बावीस वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. जाताना एक अल्बम, येताना एक. मधलं गाणं गाळायचं नाही, क्रम बदलायचा नाही. 'डार्क साइड' डोंबिवली सुटताना लावला तर गायिका क्लेअर टोरीचं गाणं संपता संपता ठाणं येतं. त्या गाण्यात शब्द नाहीत, नुसता आवाज आहे. १९७३ च्या जानेवारीत एका रविवारी तिला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बोलावलं, तीस पौंड दिले आणि सांगितलं, गा. थोड्या वेळात ती घरी गेली. पुढे तिला कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा २००५ साली त्या रचनेवर तिचं नाव लागलं. मी हे गाणं किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही, पण अजूनही तो आवाज चढायला लागला की मी हातातलं पुस्तक मिटते.

यानंतर माझ्या कॅसेटवर चार-पाच सेकंद शांतता आहे. मग 'थप्'. काकांनी एलपी उलटून सुई ठेवली तो आवाज. मग नाण्यांचा खुळखुळाट आणि 'मनी'. फोनवर ती 'थप्' नाही. वर्षानुवर्षं फोनवर ऐकूनही माझा कान त्या जागी थांबतो. तसंच शेवटचे हृदयाचे ठोके विरले की मला लगेच झेपेलिनचं पहिलं गाणं, 'ब्लॅक डॉग', हवं असतं, कारण दादा कॅसेट काढून उलटायचा.

आता सध्याचं. जुलैपासून मी ब्लॅक सबाथच ऐकतेय. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ते चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजले, त्यांचा गायक ऑझी ऑसबोर्न सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला गेला. बातमी आली तेव्हा दादाचा फोन आला. आम्ही फार बोललो नाही. दोघांनी आपापल्या घरी त्यांचा 'पॅरानॉइड' लावला.

हा अल्बम आमच्या घरात वेगळ्या वाटेने आला. दादा डोंबिवली एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. १९९४ मध्ये त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याची दोन बोटं पेऱ्यापासून गेली. वय बावीस, ढोलकी वाजवायचा. दादा हॉस्पिटलात त्याला भेटायला टेप घेऊन गेला, 'पॅरानॉइड' लावला, पूर्ण अ बाजू ऐकवली आणि मग सांगितलं की ही गिटार वाजवणाऱ्या माणसाच्याही दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसखालीच गेलीत. टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. डावखुरा असल्यामुळे गेली ती तारा दाबायच्या हाताची, मधलं बोट आणि अनामिका. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि वाजवायला लागला.

आयोमीच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली होती, दोन बोटांनी गिटार वाजवणाऱ्या माणसाची. ही गोष्ट दादाला तेव्हा माहीत नव्हती. मी वाचली आणि गेल्या वर्षी त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.

तर सांगा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही गाणं न गाळता तुम्ही कोणता अल्बम ऐकता? आणि गेल्या महिन्यात काय ऐकलंत? का, तेही लिहा. नुसती नावं नकोत.

आणि एक मदत हवी आहे. ती १९९१ ची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. डेक चालू होतो, पण आवाज मधेच बारीक होतो, आणि परवा दुसऱ्या एका कॅसेटची टेप त्यात गुंतली. दादाची कॅसेट त्यात घालायचा धीर होत नाही.

सोल्डर (नाशिक)

ताई, आधी मदतीचं. ती कॅसेट अजिबात घालू नका. डेकमध्ये दोन गोष्टी बघा. रबरी पट्टे इतक्या वर्षांत डांबरासारखे चिकट होतात, ते बदलायचे आणि पुलीला लागलेला काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा. दुसरं, टेप पुढे ओढणारा रबरी रोलर. तो गुळगुळीत झाला की टेप सरकते आणि गुंतते. टेप वाचणारं हेडही त्याच अल्कोहोलने पुसा. पट्टा घेताना मापाचाच घ्या. सैल असेल तर गाणं डुलतं.

मग कॅसेट हातात घ्या आणि मधल्या खिडकीतून बघा. टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो पडतो. माझ्या अनुभवात आवाज बारीक होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. कॅसेट स्क्रूची असेल तर उघडा आणि दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधला तुकडा बसवा. पेन्सिल घालून टेप एकदा टोकापर्यंत आणि एकदा परत, हाताने हळू फिरवा. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दुसरी संधी मिळेल असं धरू नका.

अल्बम म्हणाल तर इंडियन ओशन या आपल्याकडच्या बँडचा 'कंदिसा', २०००. दुकानात काम करताना लावतो. 'मा रेवा' आलं की सोल्डरिंग थांबतं. नर्मदेकाठचं गाणं आहे, आणि माझं आजोळ शहाद्याचं.

गिरगावकर काका

ब-बाजू, तुझं लिखाण वाचून मी कपाटातला झेपेलिनचा चौथा काढला. तुझ्या त्या कॅसेटवर ब बाजूला सहावं गाणं आहे, 'फोर स्टिक्स'. त्यांचा ड्रमर बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं म्हणून हे नाव. ठेका पाचात जातो, सहात येतो, पाय ठरत नाही.

तेच गाणं मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं आहे हे तुला माहीत आहे का? १९७२ साली झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते. त्यांनी इथले वादक घेऊन दोन गाणी परत केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. तबला आहे, तंतुवाद्यं आहेत. ती ध्वनिफीत चाळीस वर्षांहून जास्त काळ पडून होती. अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत. तिथे 'फोर स्टिक्स'चं नाव 'फोर हँड्स' केलंय. १९७२ मध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो. माझ्या शहरात, ट्रामचे रूळ अजून कुठे कुठे दिसत होते अशा काळात, हे चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्याच्याही आधी, १९६८ च्या जानेवारीत, जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' करून गेला. त्याला रॉक म्हणणार नाही मी, पण वादकांची नावं वाच. संतूर शिवकुमार शर्मा. बासरी एस. आर. केंकरे. सूरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकर. केंकरे, नारिंग्रेकर! आपल्याकडची माणसं. बीटल्समधल्या माणसाच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर त्यांचे हात आहेत आणि आपल्या घराघरांत ती नावं कुणी घेत नाही, याची मला फार खंत आहे. मी दर वेळी आवर्जून सांगतो, आताही सांगतोय.

रंगभवनबद्दल थोडं. धोबीतलावला झेविअर्सच्या मागे, उघड्यावरचं. १९८६ ला तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला, ऑगस्टात, पावसात. मी नोकरदार, बायकोमुलांचा माणूस, ऑफिसातून परस्पर जायचो. रॉक मशीन हा आपला बँड वाजायला लागला की दगडी पायऱ्यांतून ड्रम पायात यायचा. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. शेजारी रुग्णालयं आहेत, नियम बरोबरच आहे. पण त्या रस्त्याने जाताना मी अजून गेटापाशी थांबतो.

सध्या काय ऐकतो? 'फोर हँड्स' आणि 'फोर स्टिक्स', एकामागोमाग एक. तू पण तसंच ऐक.

जाडतार_सातारा

काका, नारिंग्रेकरांचं नाव आज पहिल्यांदा वाचलं. धन्यवाद.

माझी नव्वद मिनिटांची कॅसेट उलट कारणाने लक्षात राहिली. आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह', १९८४, एक्कावन्न मिनिटांचा आहे. बाजूत मावला नाही. आणि शेवटचं गाणं म्हणजे इंग्रज कवी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवरचं, साडेतेरा मिनिटांचं. माझ्या कॅसेटवर ते निम्म्यावर खटकन थांबायचं. जहाज भर समुद्रात, वारा पडलेला, खलाशी मेलेले, आणि खटक. चार वर्षं मला त्या खलाशाचं पुढे काय झालं ते गाण्यातून कळलं नव्हतं. शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत कविताच शोधून वाचली, शब्दकोश शेजारी घेऊन. इंग्रजी कवितेची गोडी मला तिथे लागली.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडनचा सबंध जगाचा दौरा मुंबईतून सुरू झाला, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. साताऱ्याहून आम्ही पाच जण एसटीने गेलो. त्या रात्री ते गाणं त्यांनी वाजवलं, पूर्ण. मधल्या संथ भागात, जिथे माझी कॅसेट तुटायची, तिथे मी डोळे मिटून घेतले.

सध्या स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू'. मार्च २०२५ चा. दोनच रचना, एक तेवीस मिनिटांची, एक अठराची. ब-बाजू ताई, हा तुमच्या कॅसेटच्या एका बाजूत बसेल!

कॉट क्रमांक ३ (सांगली)

मी एकवीस वर्षांचा आहे, कॅसेट कधी वाजवलेली नाही. पण तुमचा धागा वाचून मी माझ्या आवडत्या अल्बमची मिनिटं मोजली. रेडिओहेडचा 'इन रेनबोज', २००७. दहा गाणी, साडेबेचाळीस मिनिटं. बसतो! त्यांनी तो आधी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला होता, तुम्हाला वाटेल ती किंमत द्या म्हणून. त्यांच्यापुढे एलपीची सक्तीही नव्हती, तरी एवढाच केला.

माझे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गेल्या सुट्टीत मी अल्बम लावला होता, पहिलं गाणं '१५ स्टेप'. बाबा पेपर वाचत होते. त्यांचं बोट मांडीवर चालायला लागलं, मग थांबलं, परत चाललं. म्हणाले, "पाच मात्रा आहेत रे याला. अर्धा झपताल." पूर्ण गाणं त्यांनी हाताने धरलं. मला तीन वर्षं ऐकून कळलं नव्हतं की आपला पाय का चुकतो.

मग आज ताईंचं वाचून त्यांना फोनवर 'मनी' ऐकवलं. सात, रूपक, लगेच म्हणाले. आणि गिटार एकटी वाजायला लागते तिथे, "आता चारात आला, मोकळा झाला." मी पडताळून पाहिलं, अगदी बरोबर आहे. परत गाणं येतं तेव्हा परत सात. बाबा आता म्हणतात, अजून पाठव. काय पाठवू सांगा.

गिरगावकर काका

बाबांना 'फोर स्टिक्स' पाठव. आणि ते काय म्हणाले ते इथे लिही, मी वाट बघतोय.

रात्रपाळी (बर्मिंगहॅम)

मी इचलकरंजीची, इथे नर्स आहे, नऊ वर्षं झाली. ब-बाजू ताई, तुमची पोस्ट मी ड्यूटीवरून येताना बसमध्ये वाचली आणि एक थांबा पुढे गेले.

ब्रॉड स्ट्रीटवर कालव्याच्या पुलावर ब्लॅक सबाथचा बाक आहे, चौघांचे चेहरे असलेला. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा. जुलैत तो फुलांनी दिसेनासा झाला. ३० तारखेला ऑझीची अंत्ययात्रा तिथून गेली. पुढे ब्रास बँड वाजवत होता. मी रात्रपाळी करून तशीच उभी राहिले. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, हातात काही नाही, फक्त टोपी काढलेली. ते मला म्हणाले की त्यांनी इथल्याच अॅस्टन भागात कारखान्यात आयुष्य काढलं. एवढंच म्हणाले. मला इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीतली माणसं आठवली.

मला रॉक माहीत नव्हतं. आमच्या घराला लागून मागांची शेड होती. सोळा माग, रात्रंदिवस. माग बंद पडले की आम्हा भावंडांना जाग यायची. इथे आल्यावर एकदा कुणाच्या तरी गाडीत 'आयर्न मॅन' लागलं. तो सुरुवातीचा ठोका आणि मग ती जड, एकाच जागी आपटणारी गिटार ऐकून मला पहिल्यांदा या गावात घरच्यासारखं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटेल म्हणून. तुमच्या दादांना कळेल.

मी नेहमी पूर्ण ऐकते तो 'मास्टर ऑफ रिअॅलिटी', १९७१. चौतीस मिनिटं. आयोमीने बोटांना ताण कमी पडावा म्हणून तारा सैल केल्या, तीन अर्धस्वरांनी खाली. त्यामुळे तो आवाज इतका खोल आणि जड झाला. मी हातांच्या जखमांच्या वॉर्डात काम केलंय. बोटाचं टोक गेलेल्या माणसाला पहिले कित्येक महिने साधा कप धरताना काय होतं ते मी रोज पाहिलंय. म्हणून मी तो अल्बम दुसरं काही करताना लावत नाही.

तुमच्या दादांच्या त्या सोबत्याचं पुढे काय झालं? ढोलकी?

ब-बाजू (डोंबिवली)

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, माफ करा.

रात्रपाळी, तुमची पोस्ट मी दादाला मोठ्याने वाचून दाखवली. पंचवीस वर्षं प्रेसवर काढल्यामुळे त्याला आता बारीक आवाज कमी ऐकू येतात, पण मागांचं वाचल्यावर त्याने मान हलवली, परत वाच म्हणाला. त्या सोबत्याने ढोलकी सोडली नाही. डाव्या हाताचीच बोटं होती, तर त्याने बाजू बदलली, धुमाची म्हणजे जाड आवाजाची बाजू उजव्या हाताला घेतली आणि चाटीची म्हणजे बारीक आवाजाची डाव्या अंगठ्याने आणि राहिलेल्या बोटांनी बसवायला दोन वर्षं घालवली. गावी असतो, कोकणात. शिमग्याला वाजवतो. दादा दर वर्षी जातो.

सोल्डर, तुम्ही सांगितलं तेच निघालं. नमद्याचा तुकडा कॅसेटच्या तळाशी पडला होता. पट्टे लॅमिंग्टन रोडला मिळाले. दादा रविवारी आला, त्यानेच बसवले. टेप हाताने पुढे-मागे फिरवली, दोघांनी आळीपाळीने, पेन्सिलीने. मग लावली. सुरुवातीला थोडी खरखर आहे, पण ठोके स्वच्छ आले. क्लेअर टोरीला वरच्या पट्टीत दादाला पूर्ण ऐकू येत नव्हतं, तेव्हा तो उठून स्पीकरवर तळवा ठेवून उभा राहिला. संपलं. चार-पाच सेकंद. थप्.

अ बाजू झाल्यावर त्याने मला हात लावू दिला नाही, कॅसेट स्वतः काढून उलटली. 'फोर स्टिक्स' संपल्यावर काकांनी लिहिलेलं सांगितलं आणि फोनवर 'फोर हँड्स' लावून दिलं. तबला खालच्या सुरात आहे, त्याला छान ऐकू येतो. फोन तसाच कानाला धरून तो गॅलरीत गेला आणि तिथेच तीनदा ऐकलं. सध्या तो तेच ऐकतोय.